नव्या लॅपटॉपच्या पडद्यावर ठिपका: बदलून मागायचा कसा, अर्ज कुठे, कागद कोणते

पीकविम्याच्या गर्दीत माझ्या सेवा केंद्रात नवा लॅपटॉप आला. एका काकांचा सातबारा उघडला आणि क्षेत्राच्या रकान्यात 6 आणि 2 च्या मधोमध एक टिंब दिसलं. काका वाकून बघत म्हणाले, "भाऊ, हे टिंब कायचं हाये?" मी पान वर सरकवलं. आकडे वर गेले, टिंब जागच्या जागी राहिलं. तो पडद्याचा मेलेला पिक्सेल होता, म्हणजे चित्र घडवणाऱ्या लाखो बारीक ठिपक्यांपैकी बंद पडलेला एक. लॅपटॉप घेऊन बारावा दिवस होता आणि परतीची मुदत दहा दिवसांची. त्या दोन दिवसांपायी पुढचा दीड महिना मी पत्रव्यवहार करत बसलो. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून सगळं नीट सांगतो.

आधी ठिपका ओळखा. साध्या फुल एचडी पडद्यावर 1920 गुणिले 1080, म्हणजे 20,73,600 पिक्सेल असतात आणि प्रत्येकात लाल, हिरवा, निळा असे तीन भाग. ठिपका कायम काळा असेल तर पिक्सेल मेलेला, तो सहसा परत येत नाही. कायम लाल, हिरवा किंवा निळा चमकत असेल तर अडकलेला. तो रंग भराभर बदलणारा व्हिडिओ चालवल्यावर कधीकधी सुटतो. बोटाने किंवा पेनाच्या टोकाने दाबू नका. दाबल्याचा डाग उमटला की वॉरंटीतून हात धुवून बसाल.

मऊ कापडाने पडदा पुसा. मग पांढरा, काळा, लाल, हिरवा, निळा असे पाच कोरे रंग पूर्ण पडद्यावर आणून बघा. स्क्रीनशॉट काढून मोबाइलवर उघडा. तिथे ठिपका नसेल तर दोष पडद्याचाच. हे सगळं खोकं उघडल्याच्या दिवशीच करा, कामं थांबली तरी चालतील. तालुक्याहून एसटीत घालून आणलेला लॅपटॉप तर घरी पोचताच तपासावा.

आता खरी अडचण. बहुतेक कंपन्या एकदोन ठिपक्यांना दोष मानतच नाहीत. पडद्यांसाठी आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ 9241-307. त्याच्या दुसऱ्या वर्गात दर दहा लाख पिक्सेलमागे 2 कायम पेटलेले आणि 2 कायम विझलेले पिक्सेल चालतात. फुल एचडीला हा हिशेब साधारण चार-चारवर जातो. प्रत्येक कंपनीचा नियम वेगळा असतो, तो वॉरंटीच्या कागदात असतो. म्हणून एका ठिपक्यासाठी वॉरंटीपेक्षा परतीची मुदत जास्त कामाची. मुदत दुकानाच्या बिलावर किंवा ऑर्डरच्या पानावर दिलेली असते. बिलावर मुदतच लिहिलेली नसेल, तर सदोष माल 30 दिवसांत परत घ्यायला नकार देणं ही ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार अनुचित व्यापारी प्रथा ठरते. बिल न देणंही त्यातच मोडतं, तेव्हा "बिल नको, पाचशे कमी करा" या मोहात पडू नका.

पहिली तक्रार विक्रेत्याकडे, लेखी. फोनवरचं बोलणं हवेत विरतं, ईमेल राहतो. ऑनलाइन घेतला असेल तर तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क त्या साइटवर असणं बंधनकारक आहे. त्याने 48 तासांत पोच द्यायची आणि महिनाभरात निवारण करायचं असतं. लॅपटॉप सर्व्हिस सेंटरला द्यावा लागला तर जॉबशीटवर, म्हणजे दुरुस्तीला घेतल्याच्या पावतीवर, "पडद्यावर ठिपका" असं स्पष्ट लिहून घ्या. आणि देण्याआधी त्यात साठवलेल्या लोकांच्या आधार आणि पासबुकच्या प्रती दुसरीकडे हलवून लॅपटॉपवरून पुसून टाका. गावाने आपल्या भरवशावर दिलेले कागद आहेत ते.

तिथे दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, 1915. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. ती हुकूम देत नाही, पण कंपनीकडे पाठपुरावा करते. माझं काम इथेच झालं. विकताना दाखवलेल्या माहितीत ठिपक्यांच्या मर्यादेचा एक शब्दही नव्हता, हा मुद्दा मी लावून धरला आणि पडदा बदलून मिळाला.

तिथेही नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग. पात्रता अशी: वस्तू पैसे देऊन घेतलेली हवी, पुन्हा विकण्यासाठी नको, व्यापारी कारणासाठी नको. पण स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी धरली जात नाही, त्यामुळे सेवा केंद्र किंवा झेरॉक्सचं दुकान एकट्याने चालवणारा ग्राहकच ठरतो. तक्रारीत हे वाक्य आवर्जून लिहा. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत अर्ज करायचा. आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येतो, कंपनी बेंगळुरूची असो की दिल्लीची. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही.

अर्ज ग्राहक आयोगाच्या ई-जागृती पोर्टलवर मोबाइल नंबरने नोंदणी करून भरता येतो. सोबत तारीखवार घडलेली हकीकत, प्रतिज्ञापत्र, ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा, सिरीयल नंबर असलेलं बिल, पैसे दिल्याची नोंद, वॉरंटी कार्ड, जॉबशीट, सगळे ईमेल आणि 1915 चा तक्रार क्रमांक लागतो. फोटो दोन काढा: एक ठिपक्याशेजारी मोजपट्टी धरून, दुसरा लॅपटॉपच्या बुडावरच्या सिरीयल नंबरचा. खोकं उघडतानाचा व्हिडिओ असेल तर पेनड्राइव्हवर ठेवा. मागणी नेमकी लिहा: पडदा बदलून हवा, लॅपटॉप बदलून हवा की पैसे परत.

तक्रार दाखल करून घ्यायची की नाही हे साधारण 21 दिवसांत ठरतं. समोरच्याला उत्तरासाठी 30 दिवस, फार तर आणखी 15 मिळतात. निकालाची मुदत नोटीस पोचल्यापासून तीन महिने, वस्तूची तपासणी लागली तर पाच. निकाल मान्य नसेल तर 45 दिवसांत राज्य आयोगाकडे अपील, आणि त्यासाठी आपल्या विदर्भातल्यांना मुंबई गाठायची गरज नाही, खंडपीठ नागपुरात आहे.