एसआरव्ही रेकॉर्ड आला कुठनं?

परवा शिवाजी उद्यमनगरात एका फौंड्रीवाल्या दोस्ताकडं इंटरनेटवरचे फोन लावत होतो, सगळं जोडून झालं आणि डोमेनच्या पॅनेलवर एसआरव्ही रेकॉर्ड, म्हणजे एखादी सर्व्हिस कुठल्या सर्व्हरवर मिळेल ते सांगणारी नोंद, भरायला बसलो तर तो म्हणाला, "भावा, डोमेनचं नाव दिलंय की, अजून एवढे रकाने कशाला?" प्रश्न बरोबर होता, फक्त उत्तरासाठी बरंच मागं जायला लागतंय.

आधी डीएनएस, म्हणजे नावावरनं मशीनचा पत्ता सांगणारी यंत्रणाच नव्हती. अर्पानेटवरच्या, म्हणजे इंटरनेटच्या आधीच्या नेटवर्कवरच्या, सगळ्या मशीनची नावं एकाच होस्ट्स डॉट टीएक्सटी फाईलीत, ती कॅलिफोर्नियातल्या एसआरआय या संशोधन संस्थेत सांभाळली जायची आणि बाकीचे तिथनं कॉपी घ्यायचे. मशीनं वाढली, फाईल आवरेना, मग १९८३ ला पॉल मोकापेट्रिसनं डीएनएस मांडलं. १९८६ ला मेलसाठी एमएक्स रेकॉर्ड पण आला, म्हणजे डोमेन एक आणि मेल घेणारं मशीन दुसरं असलं तरी चालायचं, पहिलं बंद असेल तर पुढचं कुठलं तेही त्यात लिहिलेलं. बाकी सर्व्हिसना मात्र ही सोय नव्हती. फाईलींसाठी एफटीपी डॉट अमुक, वेबसाठी डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू डॉट तमुक अशी नावं ठेवायची आणि पोर्ट, म्हणजे मशीनवरच्या सर्व्हिसचा नंबर, ठरलेलाच धरायचा. आता उद्यमनगरात नुसती गल्ली सांगून माणूस पोचतोय व्हय, गाळा नंबर लागतोच, आणि पोर्ट म्हणजे तो गाळा.

हा गाळा पत्त्यातच लिहायची सोय अर्न्ट गुलब्रान्डसेन आणि पॉल व्हिक्सी यांनी ऑक्टोबर १९९६ मध्ये आरएफसी २०५२ मध्ये केली (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम मांडणारे नंबर दिलेले कागद), हाच एसआरव्ही रेकॉर्ड, तेव्हा तो प्रायोगिक होता. त्यात चार रकाने. प्रायॉरिटी एमएक्ससारखीच, छोटा आकडा आधी. वेट कशाला, तर सारख्या प्रायॉरिटीचे दोन-तीन सर्व्हर असले की कुणावर किती लोड टाकायचा ते ठरवायला. मग पोर्ट, मग टार्गेट म्हणजे सर्व्हरचं नाव.

मला सगळ्यात आवडतो तो रेकॉर्डच्या नावातला अंडरस्कोर (_). १९९६ च्या कागदात तो नाहीच, सर्व्हिस आणि प्रोटोकॉलचं नाव नुसतं एलडॅप डॉट टीसीपी असं लिहायचं, पण उद्या कुणी खरोखरच्या मशीनचं नाव तसंच ठेवलं तर? मशीनच्या नावात अक्षरं, आकडे आणि हायफन एवढंच चालतंय, म्हणून फेब्रुवारी २००० च्या आरएफसी २७८२ मध्ये पुढं अंडरस्कोर लावला आणि टक्करच मिटली. एवढ्याशा रेघेत केवढा विचार आहे बघा. त्या कागदावर मायक्रोसॉफ्टच्या लेव्हॉन एसिबोव्ह यांचंही नाव आहे, आणि त्याच महिन्यात विंडोज २००० बाजारात आलं, त्यातली ॲक्टिव्ह डिरेक्टरी, म्हणजे ऑफिसातले युजर आणि पीसी सांभाळणारी यंत्रणा, याच रेकॉर्डवर चालते, ऑफिसातला पीसी लॉगिन तपासणारा सर्व्हर (डोमेन कंट्रोलर) असाच शोधतो. २००२ ला एसआयपीवर चालणाऱ्या इंटरनेट फोननी हे घेतलं, २००४ ला एक्सएमपीपी चॅटनं. वेब ब्राउजरनी मात्र कधीच घेतलं नाही, त्यांच्यासाठी वेगळा एचटीटीपीएस रेकॉर्ड थेट २०२३ ला प्रमाण झाला.

दोस्ताचा रेकॉर्ड पहिल्यांदा चाललाच नाही. नावाच्या रकान्यात मी अंडरस्कोर एसआयपी डॉट अंडरस्कोर यूडीपी आणि पुढं अख्खं डोमेन टाकलं होतं, पॅनेलनं स्वतःहून डोमेन परत जोडलं, नाव डबल झालं. ते काढलं. मग टार्गेट बघितलं तर ते सीनेम, म्हणजे दुसऱ्याच नावाचं टोपणनाव, निघालं, आणि २७८२ मध्ये साफ लिहिलंय की टार्गेट टोपणनाव असू नये. तिथं सर्व्हरचं खरं नाव घातलं, प्रायॉरिटी १०, वेट ६०, पोर्ट ५०६० हे आकडे तसेच ठेवले, चहा येईस्तोवर दोन्ही फोन रजिस्टर झाले.