लोणार: ज्वालामुखीचं समजलं गेलेलं विवर

अंधेरीच्या गिल्बर्ट हिलखाली मान वर करून ते उभे काळे खांब पाहिले की मला हटकून लोणार आठवतं. दोन्हीकडे दगड बसाल्टच, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. याच दगडाने लोणारच्या बाबतीत भल्याभल्यांना चकवलं. १८२३ मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने या विवराची नोंद केली. चहूकडे ज्वालामुखीचाच खडक, मग हे त्याचंच मुख असणार, असं पुढे कित्येक वर्षं मानलं गेलं. गावकऱ्यांच्या लेखी मात्र विष्णूने लवणासुराला मारलं ती ही जागा.

१९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने चित्र पालटलं. इथे मॅस्केलिनाइट नावाची काच सापडली होती. प्रचंड आघाताच्या दाबाखाली खनिजाची अशी काच होते, ज्वालामुखीत तेवढा दाब नसतो. म्हणजे आकाशातून अशनी येऊन आदळला. कधी, यावर अजून एकमत नाही. एका मोजणीने सुमारे ५२ हजार वर्षं येतात, दुसरीने सुमारे ५ लाख ७० हजार.

विवराचा व्यास जवळपास १.८ किलोमीटर. काठावरच्या ‘धार’ या झऱ्याचं पाणी गोडं, बारमाही. खाली तळ्यात पोचलं की त्याला पुढे वाट नाही. उन्हाने वाफ होते, क्षार मागे राहतात. तळ्याकाठी चालताना चपलेखाली पांढरी पापडी कुरकुरते आणि सडक्या अंड्यासारखा वास नाकात शिरतो. सामू (पीएच) १० च्या आसपास, म्हणजे चांगल्याच अल्कधर्मी असलेल्या या पाण्यात स्पिरुलिना ही सूक्ष्म निळी-हिरवी शेवाळ मात्र इतकी माजते की तळं हिरवंगार दिसतं. जून २०२० मध्ये तेच गुलाबी झालं. पाणी आटून खारटपणा वाढला होता आणि क्षारप्रिय सूक्ष्मजीवांचं रंगद्रव्य वर आलं होतं, असं पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत आढळलं.

खाऱ्या तळ्यापासून हाकेच्या अंतरावर उतारावरचं जंगल सुरू होतं. तिथे मोर ओरडतात. रामसर या पाणथळ जागांसाठीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या नोंदीत इथल्या पक्ष्यांच्या १६०, सरपटणाऱ्या प्राण्यांच्या ४६ आणि सस्तन प्राण्यांच्या १२ जाती आहेत. त्यात लांडगाही आहे. एवढ्याशा खळग्यात एवढं! २००० मध्ये अभयारण्य आणि २०२० मध्ये रामसर दर्जा मिळाला, त्यामागे हीच श्रीमंती. आपल्या ठाणे खाडीला तो दर्जा २०२२ मध्ये मिळाला. खाडीच्या चिखलात लाल काटक्यांसारख्या पायांवर शेकाट्या चालताना दिसतो ना, तोच लोणारच्या काठावरही दिसतो.