शाळू दवावर जगतो का?

जानेवारीत सोलापूरहून मंगळवेढ्याकडे निघालं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना छातीभर शाळू, म्हणजे रब्बी ज्वारी, उभा दिसतो. खाली काळ्या रानाला भेगा, पाऊस जाऊन अडीच-तीन महिने झालेले. अशा वेळी कुणीतरी हमखास म्हणतं, "शाळू दवावर येतो." ते खरं नाही. पहाटेचं दव ऊन चढताच उडून जातं. पीक तगतं ते खोल काळ्या मातीत मुरलेल्या पावसाळी ओलीवर. ती ओल पुरवून वापरण्याचं काम पानावरची छिद्रं करतात.

मालदांडी या शाळूच्या वाणाच्या पानाला बिनरंगी नेलपॉलिश लावा, वाळल्यावर सेलोटेपनं अलगद सोला आणि शाळेतल्या सूक्ष्मदर्शकाखाली धरा. ठशात पर्णरंध्रांच्या, म्हणजे याच छिद्रांच्या, सरळ रांगा दिसतील. प्रत्येक छिद्राला दोन रक्षक पेशी, ज्वारीत त्या डंबेलच्या आकाराच्या. या पेशी पाण्यानं फुगल्या की छिद्र उघडतं, सैलावल्या की मिटतं. पण पेशीकडे पाणी ओढायला पंप नाही. ती आधी पोटॅशियम आत घेते, पाणी त्याच्या मागोमाग येतं.

सकाळच्या उन्हातला निळा प्रकाश पडला की पेशीपटलातला प्रोटॉन-पंप हायड्रोजनचे धन आयन, म्हणजे धन विद्युतभार असलेले अणू, बाहेर टाकतो. आतली बाजू बाहेरच्यापेक्षा शंभराहून अधिक मिलिव्होल्ट ऋण होते आणि त्या विद्युतदाबानं पोटॅशियमची वाहिनी उघडते. वाहिनी म्हणजे पटलात रुतलेलं, मधे आरपार वाट असलेलं प्रथिन.

या वाटेची खरी गंमत पुढे आहे. सोडियमचा आयन पोटॅशियमपेक्षा लहान, तरी तो इथे अडतो! पाण्यातला प्रत्येक आयन भोवती पाण्याच्या रेणूंचं वेष्टण घेऊन फिरतो आणि अरुंद वाटेत शिरायचं तर ते उतरवावं लागतं. वाटेच्या भिंतीवर ऑक्सिजनचे अणू अशा अंतरावर बसलेत की पोटॅशियमला पाण्याची उणीव भासतच नाही. सोडियमला मात्र ते अंतर जास्त पडतं. वेष्टण सोडायला लागणारी ऊर्जा भरून निघत नाही, म्हणून तो बाहेरच राहतो. ही रचना अमेरिकी शास्त्रज्ञ रॉडरिक मॅकिनन यांनी 1998 मध्ये जिवाणूच्या वाहिनीत दाखवली, 2003 मध्ये त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. रक्षक पेशींच्या वाहिनीतही हीच गाळणी आहे आणि तिच्यातून सेकंदाला लाखो आयन जातात. 

आता मिटण्याकडे. ओल कमी पडली की झाडात ॲब्सिसिक आम्ल हे संप्रेरक (हार्मोन) वाढतं. ते एका प्रथिनाला चिकटतं, त्यामुळे प्रथिनांवरचं फॉस्फेट काढून घेणारं विकर (एन्झाइम) थोपवलं जातं, त्याच्या दाबाखालून सुटलेलं दुसरं विकर 'स्लॅक-1' या वाहिनीला फॉस्फेट जोडतं. ही वाहिनी 2008 मध्ये ओळखली गेली. तिच्यातून क्लोराइडसारखे ऋण आयन बाहेर पडतात, आतला ऋण भार उतरतो आणि त्या उतरलेल्या भारानंच पोटॅशियमची वेगळी, बाहेर सोडणारी वाहिनी उघडते. पोटॅशियम गेलं की पाणी जातं. हा तपशील मुख्यतः ॲराबिडॉप्सिस या रोपट्यात उलगडला. ज्वारीत रक्षक पेशींच्या बाजूच्या सहायक पेशी त्यांच्याशी पोटॅशियमची देवघेव करतात, त्यामुळे गवतवर्गीयांची छिद्रं लवकर मिटतात.

छिद्र मिटलं की कार्बन डायऑक्साइडही थांबतो, म्हणून झाड ते दिवसभर बंद ठेवू शकत नाही. ओल तुटलेल्या रानात सकाळी आठचा आणि दुपारी दोनचा ठसा घ्या, शेजारी ठेवा आणि उघडी छिद्रं मोजा.