‘करंट’ आणि ‘झटका’: धुऱ्यावरच्या तारेची पार्श्वभूमी

चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदियाच्या जंगलपट्ट्यात धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, तार ओढून तिच्यात वीज सोडली की बोलण्यात एकच शब्द येतो: करंट लावला. तार डीपीवर (गावातल्या विजेच्या ट्रान्सफॉर्मरवर) टाकलेल्या आकड्याची असो की बॅटरीवरच्या झटका मशीनची, शब्द तोच. पंचनाम्यात, बातमीत आणि पारावरच्या वादात जो घोळ होतो, त्याचे मूळ बरेचसे या एका शब्दात आहे.

आधीचा काळ सगळ्यांना माहीत आहे. कुपाटी, मचाण, जागल, गोफण, रिकामे डबे. ही सगळी राखण माणसाच्या झोपेच्या मोबदल्यात चालायची. डुकरांचा हाकाही व्हायचा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आली आणि पिकासाठी जनावर मारायचे तर कलम ११ खाली लेखी परवानगी लागू लागली. याच कलमात स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाच्या बचावाची सूट आहे, पण ती माणसाच्या जिवापुरती. हरभऱ्याच्या बचावासाठी ती चालत नाही, हे अनेकांना गुन्हा दाखल झाल्यावरच कळते.

पुढे पंपासाठी वावरात वीज आली आणि काही वर्षांत ती धुऱ्यावरही पोचली. कृषी फीडरचे वेळापत्रक याला पोषकच ठरले: आलटूनपालटून दिवसा ८ तास, नाहीतर रात्री ८ ते १० तास. ज्या आठवड्यात रात्रपाळी, त्या आठवड्यात तारेतही रात्रभर वीज. त्याच रात्री ओलितासाठी कास्तकार अंधारात धुऱ्यावरून चालतो, पायाखाली भिजलेली माती असते. या तारांवर जीव गेलेल्यांत तार लावणारा स्वतः, त्याच्या घरचे किंवा शेजारचा वावरवाला असतो, तो म्हणूनच.

आता त्या शब्दाकडे वळू. लाइनमधून घेतलेली २३० व्होल्टची वीज अखंड वाहते. ओल्या अंगाचा रोध साधारण १,००० ओहम धरला तर शरीरातून सुमारे २३० मिलीअँपिअर जातात. १० च्या पुढे गेले की हाताचे स्नायू आखडतात आणि तार सुटत नाही. काही सेकंद टिकले तर ३० ते ५० मिलीअँपिअर हृदयाची लय बिघडवायला पुरतात. झटका मशीनचा व्होल्टेज याच्या कितीतरी पट, ८ ते १० हजार. तरी ते मारत नाही, कारण त्याची वीज ठोक्याठोक्याने येते. मशीनमधला कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) भरतो, एकदम रिकामा होतो, पुन्हा भरतो. यासाठीचे आंतरराष्ट्रीय मानक सांगते की दोन ठोक्यांत किमान १ सेकंदाचे अंतर हवे, ठोका १० मिलिसेकंदांपेक्षा लांब नसावा आणि ५०० ओहमच्या भारावर एका ठोक्यातली ऊर्जा ५ जूलच्या आत असावी. लाइनची वीज त्याच अंगात दर सेकंदाला ५० जूलहून अधिक ओतते, तीही न थांबता. मशीनच्या दोन ठोक्यांमधल्या मोकळ्या सेकंदात जनावर मागे सरते, माणूस हात काढतो. सगळा फरक त्या मोकळ्या सेकंदाचा आहे.

घोळात भर घातली ती ‘सोलर’ या शब्दाने. दुकानाच्या बिलावर सोलर झटका मशीन, योजनेच्या कागदावर सौर ऊर्जा कुंपण, आणि गावात समज असा की सोलरची वीज मारत नाही, महावितरणची मारते. हे धादांत चूक आहे. पॅनलचे काम बॅटरी भरण्यापुरते. त्याच बॅटरीला इन्व्हर्टर जोडून २३० व्होल्ट तारेत सोडले तर ती तार डीपीच्या तारेइतकीच जीवघेणी. उलट, लाइनवर चालणारी पण ठोकेच देणारी प्रमाणित मशीनही असतात. वीज कुठून आली यापेक्षा ती कशी सुटते, हे पाहायला हवे. कायद्याच्या चर्चेतही बहुतेकदा ‘कुठून’ एवढेच विचारले जाते.

तिसरा गैरसमज बल्बचा. फेजच्या वाटेत १०० वॅटचा बल्ब घातला की करंट ‘मऊ’ होतो, असे सांगणारे अजून भेटतात. पेटलेल्या १०० वॅटच्या बल्बचा रोध सुमारे ५०० ओहम असतो. थंड तंतूचा त्याच्या दहाव्या-बाराव्या हिश्शाइतका. माणूस तारेला चिकटतो तेव्हा अंगाच्या रोधामुळे बल्ब पुरता पेटतही नाही. तंतू थंडच राहतो आणि जवळपास २०० मिलीअँपिअर अंगातून निघून जातात. १५ वॅटचा बल्बही ६५ मिलीअँपिअरपर्यंत जाऊ देतो. बल्बने फ्यूज वाचतो, माणूस नाही.

ठोक्याचे तंत्र न्यूझीलंडमध्ये १९३० च्या दशकात गुराढोरांसाठी रुळले. तिथेच १९६० च्या दशकात गवत टेकले तरी तग धरणारी, कमी रोधाची मशीन आली. आपल्याकडच्या मशीनची मांडणी तीच, फक्त गाय आत ठेवण्याऐवजी डुक्कर बाहेर ठेवायचे. मशीन विकत घेताना बरेच जण फसतात. खोक्यावर ‘१२,००० व्होल्ट’ ठळक असते, जूलचा आकडा नसतो. लांब कुंपणाच्या शेवटी काय उरते ते जूलवर ठरते, म्हणून घेताना तोच आकडा आणि मानकाचा क्रमांक पाहावा.

तारेच्या उंचीतही चूक होते. रानडुक्कर सोंडेने चाचपत खालून घुसते आणि त्याच्या पाठीचे राठ केस वीज अडवतात. म्हणून पहिली तार जमिनीपासून ६ ते ८ इंचांवर, ओल्या सोंडेला लागेल अशी, आणि दुसरी दीड फुटाच्या आसपास. रोह्यासाठी (नीलगायीसाठी) साडेतीन ते पाच फुटांवर आणखी दोन. क्लच वायर गुंडाळायला सोपी, पण लांब अंतरावर जाड जीआय (जस्त चढवलेली लोखंडी) तार बरी. लाकडी खुंटाला सलाइनच्या नळीचा तुकडा बांधून इन्सुलेटर करतात. तो पहिल्या पावसाळ्यापर्यंत चालतो, मग ओला खुंट ठोका खातो.

‘मशीन बिघडले’ म्हणून येणाऱ्या तक्रारींत बहुतेकदा दोष अर्थिंगचा निघतो. एक सळई पुरत नाही. पाच-सहा फुटी तीन जीआय सळया, दहा-दहा फुटांवर, ओल टिकेल अशा जागी ठोकाव्या. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, सळईभोवती पोकळी होते आणि झटका निम्म्यावर येतो, तेव्हा तिथे पाणी घालावे लागते. दुसरा दोष गवताचा: श्रावणात तारेखालचे गवत आठवड्याला काढले नाही तर ठोका जमिनीत जिरतो. टेस्टरवर शेवटच्या टोकाला ५ हजार व्होल्ट दिसावेत. ३ हजारांच्या खाली डुक्कर जुमानत नाही. तिसरा दोष झाकोळलेल्या दिवसांतला. पॅनलवर ऊन नाही, बॅटरी उतरलेली, म्हणून ती तारेला जोडलेलीच ठेवून घरच्या चार्जरवर लावतात. स्वस्त चार्जरमध्ये लाइन आणि बॅटरी वेगळी राखणारी सोय फसली की २३० व्होल्ट थेट कुंपणात उतरतात. बॅटरी काढून, लांब नेऊनच चार्ज करावी. विजेच्या लाइनखालून कुंपण नेणेही टाळावे; वादळात तुटलेली एक वायर सगळ्या धुऱ्यात लाइनची वीज भरते.

लाइनचा करंट लावणाऱ्यावर कलमांचा भार मोठा आहे. पंपाची जोडणी स्वतःची असली तरी ती कुंपणाला वापरणे म्हणजे मंजूर कारणाबाहेर वापर. २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १३५ खाली ती चोरीच. माणूस मेला तर पूर्वी भारतीय दंड संहितेतील ३०४ किंवा ३०४-अ लागायचे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेची १०५ आणि १०६. निष्काळजीपणाची कमाल शिक्षा २ वर्षांवरून ५ वर गेली आहे. वाघ मेला तर किमान ३ वर्षे कैद.

मारण्याच्या परवान्याचा मार्ग २०१५ मध्ये राज्याने रोही व रानडुकरापुरता सोपा केला. कागदावर सोपा, वावरात नाही: बंदूक कोणाकडे आहे, हा प्रश्न तसाच राहिला. जून २०१६ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात बाहेरून आलेल्या नेमबाजांनी डुकरे मारली, तेव्हा दिल्लीत दोन केंद्रीय मंत्र्यांत जाहीर खडाजंगी झाली आणि शेतकऱ्याचा मुद्दा तिच्यात दबून गेला. पुढच्याच वर्षी वाघांची पाळी आली. एप्रिल २०१७ मध्ये नागभीड तालुक्यात गळ्यात रेडिओ कॉलर असलेला वाघ शेतातल्या जिवंत तारेवर मेला आणि पुरला गेला. ऑक्टोबरमध्ये वर्धा जिल्ह्यात, जिला ठार मारण्याचा आदेश निघाला होता ती वाघीण आदेश अमलात येण्याआधीच अशाच तारेवर गेली.

त्यानंतर अनुदानाला जोर आला. जंगलालगतच्या गावांसाठीच्या राज्याच्या योजनेत सौर कुंपणाला किमतीच्या ७५ टक्के किंवा १५,००० रुपये, यांतील कमी ती रक्कम मिळते. ही मदत वैयक्तिक असल्याने एकाच्या धुऱ्यावर मशीन आणि शेजारी मोकळा, असे चित्र दिसते. कळप सरळ शेजाऱ्याच्या तुरीत वळतो, आणि अर्ज मंजूर न झालेला तोच शेजारी डीपीवरच्या आकड्याकडे पाहू लागतो.

नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने वन्यप्राण्यांनी केलेले नुकसान खरीप २०२६ पासून पीक विम्यात स्थानिक जोखीम म्हणून धरायचे जाहीर केले. सूचना ७२ तासांत, विम्याच्या अ‍ॅपवर, ठिकाणाची नोंद असलेल्या फोटोसह. फोन नसलेल्याने कोणाचा तरी फोन गाठायचा आणि तो वावरातच उघडायचा. घरी येऊन फोटो काढला तर ठिकाण घराचे उमटते. रात्री डुकरे आली असतील तर सकाळी ओलित सोडण्याआधी खुरांचे ठसे टिपावेत, शेजारी चप्पल किंवा विळा ठेवून, म्हणजे आकार कळतो.