प्ले दाबलं तरी गेम सुरू होत नाही? आधी डिस्क बघा
(लिनक्सवर गेम खेळणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

नमस्कार.

आमच्याकडून गेमिंग मशीन घेतलेल्या आणि जुन्या मशीनवर लिनक्स टाकून घेतलेल्या ग्राहकांसाठी हे पत्रक आहे. स्टीम (गेम घ्यायचं आणि चालवायचं ॲप) आणि प्रोटॉन (त्यातलं, विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारं साधन) तुम्हाला ठाऊक आहेत, असं धरून चालतो. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि बरेच जण लिनक्सकडे वळले. त्यांच्याकडून सगळ्यात जास्त येणारी तक्रार एकच आहे: प्ले दाबलं की त्या जागी स्टॉप दिसतं, दोन-तीन सेकंद जातात आणि पुन्हा हिरवं प्ले. स्क्रीनवर एरर नाही, काही नाही.

असा फोन आला की आमचा पहिला प्रश्न असतो, ‘गेम कुठल्या डिस्कवर आहेत?’ उत्तर बहुतेक वेळा हेच असतं: ‘विंडोजच्याच डी ड्राइव्हवर. सगळे आधीच डाउनलोड होते, म्हणून तोच फोल्डर स्टीमला दाखवला.’ इथेच घोडं अडतं. मग प्रोटॉनची आवृत्ती बदलून बघितली जाते, ग्राफिक्सचा ड्रायव्हर बदलला जातो, काही जण तर अख्खं लिनक्स पुन्हा टाकतात. यातल्या कशानेही फरक पडत नाही, कारण डिस्क एनटीएफएसच (विंडोजच्या फॉरमॅटमधली) राहते.

एनटीएफएसवर नेमकं काय बिघडतं

प्रोटॉन प्रत्येक गेमसाठी एक छोटं खोटं विंडोज उभं करतो. गेम ज्या लायब्ररीत असेल तिथल्याच ‘स्टीमॲप्स’मध्ये ‘कॉम्पॅटडेटा’ नावाचा फोल्डर असतो. त्यात गेमच्या नंबरचा फोल्डर, त्यात ‘पीएफएक्स’ आणि त्यात ‘डॉसडिव्हायसेस’. हा शेवटचा फोल्डर उघडून बघा. आत दोन लिंक (दुसऱ्या जागेकडे बोट दाखवणाऱ्या नोंदी) दिसतील, ‘सी’पुढे विसर्गचिन्ह आणि ‘झेड’पुढे विसर्गचिन्ह, म्हणजे कीबोर्डवरचा कोलन. गेमला आपली सी ड्राइव्ह सापडते ती या लिंकमुळे. पण विंडोजच्या नियमाप्रमाणे फाइलच्या नावात कोलन चालत नाही. त्यामुळे डिस्क कुठल्या ड्रायव्हरने आणि कुठल्या सेटिंगने जोडली आहे त्यावर ही लिंक एकतर बनतच नाही, किंवा बनते आणि पुढे विंडोजमध्ये चेकडिस्क (डिस्कची तपासणी) चालली की चुकीची नोंद म्हणून साफ होते. काल चाललेला गेम आज चालत नाही, त्यामागे पुष्कळदा हेच असतं.

दुसरं कारण मालकीचं. प्रोटॉनच्या पोटात वाइन (विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारा प्रोग्रॅम) आहे, आणि ‘पीएफएक्स’ फोल्डर तुमच्या नावावर नसेल तर वाइन तिथे काम करायला साफ नकार देतो. एनटीएफएस डिस्क लिनक्सला जोडली की सगळ्या फाइल्सची मालकी एकगठ्ठा ठरते, आणि ती अनेकदा तुमच्या नावावर नसते.

तिसरं कारण विंडोजचं फास्ट स्टार्टअप. ते चालू असेल तर ‘शट डाउन’ केल्यावर विंडोज पूर्ण बंद होत नाही. अर्धं झोपतं आणि डिस्क आपल्या ताब्यात ठेवतं. लिनक्सला ती फक्त वाचता येते, लिहिता येत नाही. अशा वेळी स्टीम ‘डिस्क राइट एरर’ दाखवतं आणि लोकांना वाटतं डिस्क गेली. डिस्क ठणठणीत असते. विंडोज चालू असताना वीज गेली तरी एनटीएफएसवर ‘तपासणी बाकी’ अशी खूण राहते, आणि विंडोजमध्ये जाऊन चेकडिस्क केल्याशिवाय लिनक्सचा नवा ड्रायव्हर ती डिस्क जोडत नाही.

बाहेरून लावायच्या पोर्टेबल एसएसडी बहुतेक एक्सफॅट फॉरमॅटमध्ये येतात. तिथे लिंक बनतच नाहीत आणि मालकीही साठवली जात नाही, म्हणजे प्रोटॉनसाठी एक्सफॅट एनटीएफएसपेक्षाही वाईट. फोटो-सिनेमांसाठी खुशाल वापरा.

‘मग दोन्हीकडे चालेल अशी एकच डिस्क का करून देत नाही?’

हे आम्हाला रोज विचारलं जातं. कॉम्पॅटडेटा लिनक्सच्या डिस्कवर ठेवायचा आणि एनटीएफएसवरून तिकडे लिंक द्यायची, ही युक्ती आम्हाला माहीत आहे. तिने वरचं पहिलं आणि दुसरं कारण टळतं, तिसरं तसंच राहतं. विंडोजचं मोठं अपडेट कधीकधी फास्ट स्टार्टअप पुन्हा चालू करतं, आणि मग एखाद्या रविवारी सगळे गेम एकदम बंद. बीटीआरएफएस या लिनक्सच्या फॉरमॅटमधली डिस्क विंडोजला दाखवणारा बाहेरचा ड्रायव्हरही मिळतो, पण विंडोजच्या अपडेटनंतर तो नीट चालेल याची हमी आम्ही देऊ शकत नाही, आणि ज्याची हमी देता येत नाही ते आम्ही बसवत नाही.

म्हणून आमची पद्धत अशी: विंडोज हवंच असेल तर त्याला वेगळी एसएसडी, लिनक्सला वेगळी, आणि गेमसाठी एक्स्ट४ (लिनक्सचा नेहमीचा फॉरमॅट) मध्ये फॉरमॅट केलेली तिसरी. एकाच एसएसडीचे तुकडे करण्यापेक्षा यात खर्च थोडा जास्त होतो हे मान्य. पण विंडोजच्या अपडेटने लिनक्सच्या बूटला सहसा हात लागत नाही, आणि कधी विंडोज काढावंसं वाटलं तर एक स्क्रू सोडवून ती एसएसडी बाहेर काढता येते. गेमच्या डिस्कवर एक्स्ट४ एरवी ५ टक्के जागा सिस्टिमसाठी राखून ठेवतं. १ टीबीच्या डिस्कवर ती ५० जीबीच्या आसपास भरते. आम्ही देताना ती राखीव जागा शून्य करून देतो. बाहेरून फॉरमॅट करून आणलेल्या डिस्कवर ‘जागा आहे पण स्टीम नाही म्हणतं’ असं होतं, ते याच राखीव जागेमुळे.

ही डिस्क विंडोजला वाचता येणार नाही. विंडोजने ‘वापरण्याआधी फॉरमॅट करा’ असं विचारलं तर कॅन्सलच दाबा.

डाउनलोड केलेले गेम नव्या डिस्कवर आणायचे ते असे

१२० जीबीचा गेम १०० एमबीपीएसच्या लाइनवर पुन्हा उतरवायला पावणेतीन तास जातात. तसं करायची गरज नाही. प्रोटॉनवर चालणाऱ्या गेमच्या फाइल्स विंडोजवाल्याच असतात, त्या उचलून आणता येतात.

आधी विंडोजमध्ये जा. कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स, मग ‘चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू’, मग ‘चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल’, आणि तिथली ‘टर्न ऑन फास्ट स्टार्टअप’समोरची खूण काढा. त्यानंतर रीस्टार्ट करूनच लिनक्समध्ये या. रीस्टार्ट करताना विंडोज पूर्ण बंद होतं. डिस्कवर बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) असेल तर लिनक्स ४८ अंकी रिकव्हरी की मागेल, तीही आत्ताच लिहून घ्या. स्टीम क्लाउड (सेव्ह ऑनलाइन ठेवायची सोय) नसलेल्या गेमचे सेव्ह ‘डॉक्युमेंट्स’ किंवा ‘ॲपडेटा’मध्ये असतात, त्यांची कॉपी याच वेळी करा. नंतर आठवतं तेव्हा बहुतेकांची विंडोजची डिस्क फॉरमॅट झालेली असते.

आता लिनक्समध्ये ‘डिस्क्स’ हे ॲप उघडा. नवी, रिकामी एसएसडी निवडून फॉरमॅट करताना ‘इंटर्नल डिस्क फॉर यूज विथ लिनक्स सिस्टिम्स ओन्ली’ हा पर्याय घ्या. डिस्कची साइज दोनदा बघा. दोन सारख्या १ टीबीच्या डिस्क असतील तर जुनी तात्पुरती सोडवून ठेवलेली बरी. फॉरमॅट झाल्यावर दातेरी चाकाच्या मेन्यूतून ‘टेक ओनरशिप’ करा, नाहीतर स्टीमला तिथे लिहिता येणार नाही. त्याच मेन्यूत ‘एडिट माउंट ऑप्शन्स’मध्ये डिस्क चालू होतानाच जोडली जाईल अशी खूण करा. पर्यायांच्या ओळीत ‘नोफेल’ असू द्या, म्हणजे डिस्क काढली तरी मशीन बूट होताना अडणार नाही. नेटवरून उचललेल्या ओळीत ‘यूजर’ हा शब्द असेल तर तो काढा. त्याच्यामागून ‘नोएक्झेक’ आपोआप लागू होतं, आणि त्या डिस्कवरून कुठलाच प्रोग्रॅम चालत नाही.

मग स्टीममध्ये सेटिंग्ज, स्टोरेज, आणि वरच्या यादीतून नवी ड्राइव्ह जोडा. यादीत ती दिसतच नसेल तर तुमचं स्टीम बहुधा फ्लॅटपॅकचं (बंदिस्त पॅकेजमधलं) आहे. त्याला बाहेरच्या डिस्कची परवानगी ‘फ्लॅटसील’ या ॲपमधून द्यावी लागते. उबुंटूवर ॲप सेंटरमधून घेतलं असेल तर ते स्नॅपचं (तसंच बंदिस्त पॅकेज) असतं, ते काढून वाल्व्हच्या (स्टीमच्या कंपनीच्या) साइटवरचं डेब (उबुंटूची इन्स्टॉल फाइल) टाका. आम्ही तेच टाकून देतो.

गेमची कॉपी फाइल मॅनेजरने करा. जुन्या लायब्ररीच्या ‘स्टीमॲप्स’मधल्या ‘कॉमन’मधून गेमचा फोल्डर नव्या लायब्ररीच्या ‘कॉमन’मध्ये आणा. नाव अक्षर न अक्षर तेच हवं; लिनक्सला लहान आणि मोठं अक्षर वेगळं वाटतं. जुना कॉम्पॅटडेटा मात्र आणू नका, तो नव्याने बनू द्या. मग स्टीममध्ये इन्स्टॉल दाबून नवी ड्राइव्ह निवडा. स्टीम असलेल्या फाइल्स ओळखतं, तपासतं आणि जेवढं कमी असेल तेवढंच उतरवतं. डोटा २ किंवा काउंटर-स्ट्राइक २ सारख्या गेमची लिनक्सची स्वतःची आवृत्ती असते, तिथे थोडं जास्त उतरेल.

पहिल्यांदा सुरू करताना ‘प्रोसेसिंग व्हल्कन शेडर्स’ (ग्राफिक्सची पूर्वतयारी) येईल. ते पूर्ण होऊ द्या. स्किप केलं तर गेम चालतो, पण नवीन जागी गेलं की अडखळतो, आणि तेवढ्यावरून लोक ग्राफिक्स कार्डाला दोष देतात. जुने सेव्ह टाकायचे असतील तर आधी गेम एकदा उघडून बंद करा, मग पीएफएक्समधल्या सी ड्राइव्हमध्ये ‘यूजर्स’ आणि त्यात ‘स्टीमयूजर’ या फोल्डरखाली विंडोजवर होते त्याच जागी ठेवा.

डिस्क ठीक असूनही न चालणारे गेम

व्हॅलोरंट आणि फोर्टनाइट लिनक्सवर चालत नाहीत. एपेक्स लेजंड्स चालायचा, पण कंपनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये लिनक्स बंद केलं. जीटीए ५ ची स्टोरी चालते, ऑनलाइन नाही. इथे अडसर अँटी-चीटचा (खेळातली फसवणूक पकडणाऱ्या प्रोग्रॅमचा) आहे. ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय प्रोटॉनवर चालू शकतात, पण परवानगी गेमच्या कंपनीने द्यायची असते. मशीन घेण्याआधी तुमच्या पाच आवडत्या गेमची यादी आम्हाला द्या. त्यातले तीन यातले असतील तर आम्ही तुम्हाला विंडोजचीच एसएसडी लावून देऊ आणि तसं स्पष्ट सांगू.

कार्डाचं विचाराल तर नवीन मशीनमध्ये आम्ही शक्यतो एएमडी रेडिऑन घालतो, कारण त्याचा ड्रायव्हर लिनक्समध्येच असतो. एनव्हिडियाचं कार्ड असेल तर ड्रायव्हर आपल्या डिस्ट्रोच्या (उबुंटूसारख्या लिनक्सच्या प्रकाराच्या) यादीतूनच घ्या, एनव्हिडियाच्या साइटवरची फाइल चालवू नका. पुढच्या कर्नल (लिनक्सचा गाभा) अपडेटला स्क्रीन काळी होण्याचं ते नेहमीचं कारण आहे. रेडिऑनला मॉनिटर लावताना डिस्प्लेपोर्टची केबल वापरा. एचडीएमआय फोरमने २०२४ मध्ये एएमडीच्या ओपन सोर्स ड्रायव्हरमधल्या एचडीएमआय २.१ ला नकार दिला, म्हणून त्या वाटेने ४के आणि १२० हर्ट्झ पूर्ण रंगांत मिळताना अडचण येते. केबल आम्ही मशीनसोबत देतोच.

आमच्याकडे येताना किंवा फोन करताना

स्टीमच्या हेल्प मेन्यूत ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ आहे, तो मजकूर कॉपी करून पाठवा, आणि ‘डिस्क्स’ ॲपमध्ये गेमची डिस्क निवडून तिचा एक स्क्रीनशॉट. एवढ्यावर बहुतेक वेळा फोनवरच काम होतं. आमच्याकडून डिस्क घेतली तर फॉरमॅट, जोडणी आणि गेमची कॉपी त्यातच करून देतो; तुमची डिस्क असेल तर ८०० रुपये. जुनी डिस्क आणताना तिच्यावरचं काहीही आधी पुसू नका, आणि बिटलॉकरची की सोबत आणा.