चार्टवरचा क्रमांक वेगळा, प्लॅटिनम वेगळं

बीस्टी बॉइज या न्यूयॉर्कच्या रॅप गटाचा दुसरा स्टुडिओ अल्बम 'पॉल्स बुटीक' बाजारात आपटला, हे वाक्य हिप-हॉपबद्दलच्या लिखाणात वर्षानुवर्षं फिरतं आहे. जुलै १९८९ मध्ये आलेला हा अल्बम बिलबोर्ड या संगीत मासिकाच्या अमेरिकी अल्बम चार्टवर १४व्या क्रमांकापर्यंत चढला आणि त्याच वर्षी खपाचा 'गोल्ड' शिक्काही त्याला मिळाला. तरी तो 'आपटला', कारण त्याच्या आधीचा 'लायसन्स्ड टू इल' हा त्या चार्टवर पहिल्या क्रमांकावर पोचलेला पहिलाच रॅप अल्बम होता आणि त्याच्या लाखो प्रती गेल्या होत्या. तुलना थोरल्या भावाशी झाली आणि धाकटा नापास ठरला.

आता त्याच वर्षातला दुसरा अल्बम बघा. एन.डब्ल्यू.ए. या कॅलिफोर्नियातल्या कॉम्प्टनच्या रॅप गटाचा 'स्ट्रेट आउटा कॉम्प्टन' त्या काळात ३७व्या क्रमांकाच्या वर कधी गेलाच नाही. पण १९८९ मध्ये तो प्लॅटिनम झाला, म्हणजे गोल्डच्या वरचा शिक्का त्याला मिळाला. १४वा आलेला अल्बम गोल्ड आणि ३७वा आलेला प्लॅटिनम! दोन्ही आकडे खपाचेच आहेत असं धरून चाललात तर इथे डोकं चक्रावेल. खरं तर ते दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत.

चार्ट एका आठवड्याचा असतो. त्या आठवड्यात इतरांच्या तुलनेत हा अल्बम कुठे होता, एवढंच तो सांगतो. समोर कोण होतं यावर क्रमांक ठरतो. मंदीच्या आठवड्यात थोड्या प्रतींवरही वरचं स्थान मिळतं आणि मोठ्या नावांची गर्दी असली की चांगला खपणारा अल्बमही खाली राहतो. प्लॅटिनमला शेजारपाजाऱ्यांशी काही देणंघेणं नाही. अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांची संघटना, म्हणजे आर.आय.ए.ए., ते देते. ५ लाख प्रतींना गोल्ड, १० लाखांना प्लॅटिनम, १ कोटीला डायमंड. मोजणी अल्बम आल्या दिवसापासूनची, मग त्याला सहा महिने लागोत की वीस वर्षं. एन.डब्ल्यू.ए.ची गाणी रेडिओवर जवळजवळ लागतच नव्हती, एम.टीव्ही.ने त्यांचा व्हिडिओ नाकारला होता. एका आठवड्यात झुंबड उडण्याची शक्यताच कमी होती. कॅसेट हातोहात फिरली, अल्बम आठवड्यामागून आठवडे खपत राहिला आणि बेरीज १० लाखांवर गेली.

पण एवढ्यानेच ३७चा उलगडा होत नाही. तेव्हाचा चार्ट बनायचा कसा, हेही बघायला हवं, आणि मला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. १९९१ पर्यंत बिलबोर्ड दुकानांकडून माहिती मागवायचं आणि दुकानातली माणसं कुठला अल्बम किती जोरात जातोय ते सांगायची. त्यात अंदाज आला, आवडनिवड आली. रॅप आणि कंट्रीसारखं संगीत त्या अंदाजात मागे पडायचं. मे १९९१ मध्ये साउंडस्कॅनची पद्धत आली, गल्ल्यावर बारकोड वाचून प्रत्यक्ष विक्री मोजली जाऊ लागली. काही आठवड्यांतच एन.डब्ल्यू.ए.चा दुसरा स्टुडिओ अल्बम दुसऱ्या क्रमांकावर दाखल झाला आणि पुढच्याच आठवड्यात पहिला आला. ऐकणारे एका रात्रीत वाढले नव्हते. ते आधीपासून होते, मोजले जात नव्हते. म्हणून १९९१च्या आधीचा क्रमांक आणि नंतरचा क्रमांक शेजारी ठेवून 'हा त्याच्यापेक्षा लोकप्रिय' असं म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

प्लॅटिनमचा आकडा तरी निखळ आहे का? तोही नाही. कॅसेट-सीडीच्या काळात आर.आय.ए.ए. दुकानांकडे रवाना झालेला माल मोजायची, त्यातून परत आलेला वजा करून. शिवाय शिक्का आपोआप बसत नाही. कंपनीने अर्ज करायचा, पैसे भरायचे, हिशेब तपासून घ्यायचा. अर्जच केला नाही तर खपलेला अल्बमही कागदावर कोराच राहतो. आणखी एक खाचखळगा दुहेरी अल्बमचा. आउटकास्ट या रॅप जोडीचा २००३चा 'स्पीकरबॉक्स / द लव्ह बिलो' दोन सीडींचा होता. शंभर मिनिटांहून लांब असल्यामुळे एक संच विकला की हिशेबात दोन धरले जायचे. त्याचं डायमंड म्हणजे १ कोटी घरांत तो पोचला असं नव्हे. अल्बम उत्तमच आहे, त्याला वर्षाच्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमीही मिळालं, पण आकडा वाचताना हे ध्यानात हवं.

समीक्षकांचा कौल यात मी मुद्दाम आणला नाही, तो तिसराच विषय. 'पॉल्स बुटीक'पुरतं सांगायचं तर डस्ट ब्रदर्स या निर्मात्यांनी जुन्या रेकॉर्डांचे शंभरावर तुकडे जोडून उभं केलेलं ते काम हळूहळू लोकांच्या कानात मुरलं आणि २००३ मध्ये 'रोलिंग स्टोन' मासिकाच्या ५०० सर्वोत्तम अल्बमांच्या यादीत १५६वं आलं.

वू-टँग क्लॅन या रॅप गटाचा १९९३चा पहिला अल्बमही याच वाटेने गेला. सुरुवातीच्या काळातला त्याचा सर्वोच्च क्रमांक ४१. दीडेक वर्षात, १९९५ मध्ये, प्लॅटिनम. २०१८ मध्ये तिहेरी प्लॅटिनम. तो ४१वा आला होता हे आज किती चाहत्यांना ठाऊक असेल?

आता स्ट्रीमिंगमुळे दोन्हीकडे ऐकण्याचीही मोजणी होते. बिलबोर्डच्या अल्बम चार्टने २०१४च्या डिसेंबरपासून ती धरायला सुरुवात केली, आर.आय.ए.ए.ने २०१६ मध्ये. सुरुवातीला दोन्हीकडे १५०० वेळा गाणी ऐकली गेली की एक अल्बम विकला असं मानायचे. त्यामुळे जुन्या अल्बमांनाही नव्याने संधी मिळते. एन.डब्ल्यू.ए.वरचा चित्रपट २०१५ मध्ये आला तेव्हा 'स्ट्रेट आउटा कॉम्प्टन' पुन्हा चार्टवर चढला आणि चौथ्या क्रमांकापर्यंत गेला. 'पॉल्स बुटीक'चा सर्वोच्च क्रमांक मात्र १४च राहिला, आणि तरीही १९९९ पर्यंत तो डबल प्लॅटिनम झाला होता, म्हणजे २० लाख.