दहा लिटरचा कॉम्प्युटर आणि खारा वारा

मे महिन्यात जुना सीपीयू उघडायला घेतला तर मागचे दोन स्क्रू फिरेचनात आणि तिसऱ्याचं डोकं तुटून हातात आलं. (आपल्याकडे अख्ख्या डब्यालाच सीपीयू म्हणतात, खरा सीपीयू ही आतली एक छोटी चिप, पण चालतंय.) आत बघितलं तर पोर्टांची पट्टी तांबूस झालेली, ग्राफिक्स कार्डाच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांवर पांढरी भुकटी, आणि एका तांब्याच्या नळीच्या टोकाला देवघरातल्या न घासलेल्या पळीसारखं हिरवं. घर मालवणात, समुद्रापासून तीनशे मीटरवर, मशीन तीन पावसाळे जुनं, त्यामुळे तक्रार करायची तरी कोणाकडे.

मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो त्यामुळे ग्राफिक्स कार्डाशिवाय भागत नाही, पण तो टॉवर टेबलावर माझ्यापेक्षा जास्त जागा खायचा आणि गणपतीत चाकरमानी आले की माझी खोली जाते, मग मशीन उचलून माळ्यावर. म्हणून ठरवलं की यावेळी कॅबिनेट आपणच डिझाईन करायचं, लहान, एका हातात उचलता येईल असं.

आधी हिशोब केला आणि जरा हसूच आलं. नेहमीचा टॉवर साधारण ४० लिटरचा असतो. आता आतला माल मोजा. इंटेलने १९९५ मध्ये आणलेल्या एटीएक्स मापाचा मदरबोर्ड (सगळे भाग जोडायची मुख्य पाटी) ३०५ बाय २४४ मिलिमीटरचा, पण व्हिया नावाच्या तैवानी कंपनीने २००१ मध्ये मिनी-आयटीएक्स आणलं ते फक्त १७० बाय १७०. त्यावर बुटका कूलर धरला तर दोनेक लिटर. लहान मापाचा एसएमपीएस (आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा), ज्याला एसएफएक्स म्हणतात, तो १२५ बाय १०० बाय साडेत्रेसष्ट मिलिमीटर म्हणजे पाऊण लिटरच्या थोडा वर. दोन फॅनवालं ग्राफिक्स कार्ड सव्वा लिटर. झाले साधारण चार लिटर! म्हणजे आजवर आपण ३६ लिटर हवा टेबलावर मांडून बसलो होतो.

मग ही सगळी हवा काढून टाकायची आणि माल ठासून भरायचा, असंच वाटतं ना? मलाही तसंच वाटलं.

पहिलं मॉडेल मी आंब्याच्या रिकाम्या पुठ्ठ्याच्या पेट्या कापून केलं, माप १४.५ बाय २१ बाय ३२ सेंटिमीटर, म्हणजे पावणेदहा लिटर. रचना सँडविचची, मध्ये एक पत्रा, एका बाजूला मदरबोर्ड, त्याच्या पाठीला पाठ लावून ग्राफिक्स कार्ड, दोघांना जोडायला चपटी रायझर केबल. काकांनी ते हातात घेऊन फिरवून बघितलं, त्यांचं आयुष्य आंबा भरण्यात गेलंय, आणि म्हणाले, "डबो बरो केलस, पण ह्यात वारो खयसून येतलो नि जातलो खय?"

आता आंबा पिकतो तेव्हा श्वास घेतो आणि गरम होतो, आढीत हात घातला की ऊब लागते ती तीच, म्हणून तर पेटीला भोकं असतात. कॉम्प्युटरचं तर याहून सरळ आहे, जेवढे वॉट वीज आत जाते जवळजवळ तेवढी सगळी उष्णता होऊन बाहेर येते. माझं मशीन रेंडरला, म्हणजे एडिट केलेला व्हिडिओ तयार करायला, लावलं की २५० वॉट खातं. एक घनमीटर हवा एक अंशाने तापवायला सुमारे १२०० ज्यूल लागतात. म्हणजे आतली हवा बाहेरच्यापेक्षा दहाच अंश गरम व्हावी असं म्हटलं तर सेकंदाला २१ लिटर हवा डब्यातून वाहायला पाहिजे. डबा दहा लिटरचा, त्यात मोकळी जागा निम्मी, म्हणजे आतली हवा सेकंदाला चार वेळा नवीन हवी. एवढ्याशा डब्यातून. जाळीतून आत येऊन, केबलींना वळसे घालून.

"गरम हवा वर जाते, डबा उभा ठेव, आपोआप थंड होईल" असं मला तिघांनी सांगितलं. कौलारू घरात ते खरं आहे, पंधरा फूट उंची असते, वरच्या फटींतून गरम हवा निघून जाते. पण ३२ सेंटिमीटर उंचीच्या डब्यात दहा अंशांच्या फरकाने तयार होणारा दाब पॅस्कलच्या (हे दाबाचं एकक) आठव्या भागाएवढा भरतो आणि साधा १२० मिलिमीटरचा फॅन दहा पॅस्कल सहज देतो. शंभर पटीच्या आसपास फरक. तेव्हा फॅन नेईल तिकडे हवा जाते, गरम असो की थंड.

खरी गंमत उदबत्तीने दाखवली. पुठ्ठ्याच्या मॉडेलमध्ये फॅन लावले, आतल्या सामानाच्या जागी तेवढ्याच मापाचे थर्माकोलचे ठोकळे, आणि उदबत्ती पेटवून कडेकडेने फिरवली. बाजूच्या जाळीतून धूर छान आत जात होता, वरच्या फॅनमधून बाहेर, आणि मग तोच धूर वरच्या कोपऱ्यावरून वळून परत बाजूच्या जाळीत शिरत होता! म्हणजे मशीन आपलीच उष्टी हवा परत खात होतं. शिवाय ग्राफिक्स कार्डाचे फॅन आणि जाळी यांच्यात जेमतेम तीन मिलिमीटर जागा, तिथे धूर घुटमळायचा. मग रुंदी अडीच सेंटिमीटर वाढवली, वरच्या कडेला एक उभी पट्टी दिली, जाळी वरून दोन बोटं खाली सरकवली, आणि डबा झाला १७ बाय २२ बाय ३३, सव्वाबारा लिटर. नेटवर लोक पाच लिटर, चार लिटर अशा चढाओढी करतात. करोत बापडे. माझ्या मते हे अडीच लिटर पूर्ण वसूल आहेत.

आता आपल्याकडच्या दमट हवेचं. मला वाटायचं की दमटपणामुळे कॉम्प्युटर जास्त तापत असेल, आपला कसा जीव जातो तसा. पण आपला जीव जातो कारण घाम वाळत नाही, आणि कॉम्प्युटरला घाम येतच नाही! त्याला फक्त हवेचं तापमान कळतं. मे महिन्यातली मालवणची ३४ अंशाची हवा त्याला नागपूरच्या ४५ अंशापेक्षा कितीतरी सुखाची.

दमटपणाचा त्रास दुसरीकडून येतो. समुद्राच्या लाटा फुटतात तेव्हा मिठाचे बारीक कण हवेत उडतात, किनाऱ्यापासून आत जाल तसे ते झपाट्याने कमी होतात पण तीनशे मीटरवर भरपूर असतात, आणि फॅन ते सेकंदाला २१ लिटर हवेबरोबर आत ओढतात. नायलॉनची जाळी धूळ अडवते, हे कण बरेचसे आरपार जातात. नुसतं कोरडं मीठ फारसं काही करत नाही. पण हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच हवेतलं पाणी ओढून विरघळतं, पावसाळ्यात मिठाच्या बरणीत होतं ना तसंच, आणि पत्र्यावर खाऱ्या पाण्याचा थेंब तयार. आपल्याकडे जून ते सप्टेंबर ७५च्या खाली येण्याची वाटच बघायची.

इथे एक छान पळवाट आहे. हवा तापवली की तिची सापेक्ष आर्द्रता उतरते. बाहेर २८ अंश आणि ८५ टक्के असेल तर तीच हवा डब्यात फक्त पाच अंश गरम झाली की ६४ टक्क्यांवर येते, मीठ कोरडं राहतं. म्हणजे पावसाळ्यात चालू मशीन सुरक्षित, आणि "जपून ठेवलेलं" बंद मशीन गंजतं! आमच्याकडे कपाटात बुरशी येऊ नये म्हणून झिरोचा बल्ब लावून ठेवतात, तोच हा प्रकार (आणि तो झिरोचा जुना बल्ब झिरो नसतो, बारा-पंधरा वॉट खातो). माझं मशीन नुसतं चालू असताना ३५ वॉट घेतं, दिवसाला पाऊण युनिटच्या जरा वर. पावसाळाभर तेवढं बिल मी भरतो. एसी वापरणाऱ्यांनी मात्र एक बघा, मशीन बंद करून २३ अंशाच्या खोलीत ठेवलं आणि एसी बंद करून पावसातली खिडकी उघडली तर थंड पत्र्यावर थेट दव बसतं.

धातूची निवडही इथलीच असावी लागते. ॲल्युमिनियमचा पत्रा आणि स्टेनलेसचे स्क्रू ही जोडी दिसायला झकास, पण मध्ये खारं पाणी आलं की ती बॅटरी होते आणि त्यात ॲल्युमिनियम झिजतं. ट्रॉलरच्या लोखंडी बुडाला जस्ताचे तुकडे लावतात ते याच कारणाने, झिजायचं तर जस्ताने झिजावं. मी स्क्रूखाली नायलॉनचे वॉशर आणि ग्रीसचा ठिपका दिला. पत्रा दोन मिलिमीटरचा, अ‍ॅनोडाईझ केलेला. म्हणजे वर ऑक्साईडचा कडक थर चढवलेला. यात एक मेख आहे, अ‍ॅनोडाईझचा थर वीज वाहू देत नाही, त्यामुळे एसएमपीएस जिथे बसतो तिथला थर घासून काढला नाही तर बाहेरच्या पत्र्याला अर्थिंगच मिळत नाही. मी विसरलो होतो, मीटर लावल्यावर कळलं.

लेसर कटिंग कोल्हापूरला करून घेतलं. पहिल्या खेपेला एक पॅनल उलट वाकवून आला, घाट चढून परत गेला, आठ दिवस गेले. आणि स्वस्तातली रायझर केबल लावली तर स्क्रीन काळी. कारण बघा, मदरबोर्ड आणि ग्राफिक्स कार्ड यांना जोडणाऱ्या पीसीआय एक्सप्रेस ४.० मध्ये एका तारेवरून सेकंदाला १६ अब्ज बिट्स जातात, एक बिट निघून दुसरा निघेपर्यंत पहिला जेमतेम सेंटिमीटरभर पुढे गेलेला असतो, म्हणजे वीस सेंटिमीटरच्या केबलमध्ये एकावेळी पंधरा-वीस बिट्स पाठोपाठ रांगेत. केबल जरा सुमार असली की ते एकमेकांत मिसळतात. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) जाऊन ते जुनं ३.० केलं, वेग निम्मा झाला, चित्र आलं. एडिटिंगला मला फरक जाणवलेला नाही.

शेवटची भांडाभांडी जाळीच्या भोकांवरून झाली. मधमाशीच्या पोळ्यासारख्या मांडणीत ५ मिलिमीटरची भोकं केंद्रापासून केंद्रापर्यंत ६ च्या अंतरावर पाडली तर ६३ टक्के पत्रा मोकळा, ३ ची भोकं ४ च्या अंतरावर पाडली तर ५१. हवेच्या दृष्टीने पाचच बरोबर. पण पाच मिलिमीटरमधून पालीचं पिल्लू आरामात जातं आणि ऊबदार जागा तिला कोणी सांगावी लागत नाही, म्हणून तीन घेतली आणि फॅन थोडा जोरात फिरवतो. पाल अजून आलेली नाही. काल मागचा यूएसबीचा न वापरलेला पोर्ट मात्र कुंभारीण माशीने चिखलाने व्यवस्थित लिंपून टाकलेला सापडला.